मास्तरांचं ग्रीक

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात मोठ्याने बोलायला बंदी असायची, आणि ती बंदी मोडणारा माणूस एकच, स्वतः पप्पा. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारात उभं राहून ते दुसऱ्या दिवशीचा उपदेश म्हणून बघायचे. एक हात चौकटीवर, दुसरा हवेत. घाटकोपरला पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि उतरणारी विमानं आमच्या गच्चीला पाय लावून जातात की काय असं वाटायचं. विमान आलं की पप्पा हात तसाच वर धरून थांबायचे आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे जायचे. आई त्यांच्या हाताखालून वाकून ये-जा करायची. तव्यावर भाकरी, बाजूच्या स्टोव्हवर सुक्या बोंबलांचं कालवण. आई नगरकडची. तिच्या हाताला काळा मसाला ठाऊक, मासळी ती मुंबईत आल्यावर शिकली, त्यामुळे आमच्या बोंबलांनाही मटणाची चव असायची. वरच्या मजल्यावर कांबळेकाकांकडे त्याच वेळी बुद्धवंदना चालायची. कांबळेकाका पप्पांच्या गावचे, एकाच वस्तीतले. आमच्या घराने एक वाट धरली, त्यांच्या घराने नंतर दुसरी. जिन्यात उभं राहिलं की वरून पाली आणि खालून पप्पांचं मराठी असं दोन्ही एकदम ऐकू यायचं.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. पार्ल्याला कॉलेजात बी.कॉम. करत होते, कारण बी.कॉम. केल्यावर बँकेची परीक्षा देता येते, आणि बँकेत लागल्यावर आईची काळजी मिटते. या सगळ्यात माझं काही नव्हतं, पण माझं काय हेही मला माहीत नव्हतं. मला बसल्या जागी बसवत नसे. पुस्तक उघडलं की गॅलरीत जावंसं वाटे, गॅलरीत गेलं की खाली रस्त्यावर. उपासनेत बसले की मी बाकाचा रंग नखाने खरवडत असे. आई म्हणायची, “सुवार्ता, तुझ्या अंगात काय मुंग्या शिरल्यात का गं?” आता वयाने गुडघेच मला बसवून ठेवतात, पण ती मुंगी काही गेलेली नाही. ती कुठून शिरली ते सांगण्यासाठी हे लिहितेय.

पप्पा महानगरपालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घ्यायचे. सगळे त्यांना दाविद मास्तर म्हणत. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरणारी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनापुरते यायचे. बाकीचे रविवार पप्पांचे. त्यांच्या उपदेशात एक जागा हमखास यायची. शास्त्रभाग वाचून झाला की ते चष्मा काढून म्हणायचे, “आता मूळ ग्रीकमध्ये इथं जो शब्द आहे ना…” आणि हॉल सरसावून बसायचा. आयाबाया एकमेकींकडे बघायच्या. आमच्या मास्तरांना ग्रीक येतं! पप्पांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. फुटपाथवर मिळालेल्या एका जाड इंग्रजी भाष्यातून ते शब्द टिपून घ्यायचे. पण येत नाही असंही ते कधी म्हणाले नाहीत.

यात नुसती फुशारकी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. माझे आजोबा ज्या गावात वेशीबाहेर वाढले, तिथे त्यांच्या बापाला कागदावर काय लिहिलंय हे विचारायलासुद्धा दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं. आजोबा मिशनच्या शाळेत गेले आणि वाचायला शिकले. आमच्या घरात ‘वाचता येणं’ ही काही साधी गोष्ट नव्हती, ती आमची इस्टेट होती. पप्पांनी त्या इस्टेटीला ग्रीकची एक खोली वाढवली होती, एवढंच. फक्त तिच्या आत ते कधी गेले नव्हते.

समोरच्या ब्लॉकमध्ये कुरियन अंकल राहायला आले ते याच सुमारास. माहुलच्या रिफायनरीत सुपरवायझर, केरळचे, उंच, कपाळ मागे गेलेलं. ड्युटीवरून आले की जिन्यात आधी त्यांच्या कपड्यांचा तेलकट वास यायचा, मग ते. बायको गावी असायची, म्हणून आईने त्यांना रविवारी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्यांची स्वतःची सिरियन मंडळी लांब होती, तेव्हा सकाळी ते आमच्याच उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसत. मराठी त्यांना अर्धंमुर्धं कळायचं. बोलायचं ते मुंबईच्या हिंदीत, आणि विषय खोल गेला की भराभर इंग्रजीत. पप्पांचं इंग्रजी वाचण्याचं. कानाने ते त्यांना झेपत नसे. म्हणून मी मध्ये.

भांडण सुरू झालं ते उंटावरून. त्या रविवारी पप्पांनी ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं’ या वचनावर उपदेश केला होता. जेवताना कुरियन अंकलनी मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करली, एक घास घेतला आणि म्हणाले, “मास्टर, सब अच्छा था. लेकिन वो ऊंट नहीं है. रस्सी है.”

“काय?” पप्पा म्हणाले.

मग अंकल इंग्रजीवर गेले आणि मी मराठीत सांगत गेले. प्रभू ज्या भाषेत बोलला ती अरामी. त्यांच्या मंडळीत जी सिरियाक चालते ती तिचीच बहीण. शुभवर्तमान मुळात त्या भाषेतच लिहिलं गेलं, ग्रीक ही नंतरची नक्कल. त्या भाषेत उंटाला आणि जाड दोरखंडाला एकच शब्द, ‘गमला’. ग्रीकमध्ये उतरवणाऱ्याने घोळ घातला आणि दोरखंडाचा उंट झाला. “सुई में क्या जाता है, मास्टर? धागा. धागे का बड़ा भाई कौन? रस्सी. ऊंट का सुई से क्या लेना-देना?”

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. “नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिला. हे सगळ्या जगाला माहीत आहे.”

“सगळ्या जगाला म्हणजे गोऱ्या लोकांना,” कुरियन अंकल म्हणाले. “तुमच्याकडे गोरे पाद्री आले. आमच्याकडे प्रभूचा शिष्य, प्रेषित, स्वतः आला.”

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा आईने त्यांच्या ताटात वाढायला घेतलेला डाव तसाच पातेल्यात परत ठेवला.

पुढचे कितीतरी रविवार आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. कुरियन अंकल जिन्यातूनच आज काय काढायचं ते ठरवून यायचे. पप्पा आठवडाभर त्या जाड भाष्यात डोकं घालून असायचे. शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासायच्या राहू लागल्या. मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करायची, आणि खरं सांगायचं तर मला त्या सगळ्याची चटक लागली होती. लहानपणापासून मी ते शब्द ऐकत आले होते, पण ते कधीतरी कुणीतरी दुसऱ्याच भाषेत उच्चारलेले शब्द आहेत, आणि नेमके कसे उच्चारले यावर माणसं भांडू शकतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बसमध्ये, वर्गात, मी ओठांतल्या ओठांत ‘गमला, गमला’ करत असायची. एकदा जिन्यात कांबळेकाका भेटले. म्हणाले, “काय गं, तुझ्या बापाचं नि त्या मलबाऱ्याचं अजून मिटलं नाही? अगं, आमच्यातही चालतं हे. भगवान पाली बोलले की मागधी! ज्याला विचारावं तो छातीवर हात मारून सांगतो.”

हे सगळं आमच्या जेवणाच्या पाटावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या मंडळीचे सेक्रेटरी भालेराव यांना कुठूनसं कळलं. भालेराव टेलिफोन खात्यात होते, त्यांना कार्यक्रम ठरवायची हौस. “मास्तर, जाहीर चर्चाच ठेवू या. आपली पोरं सिनेमाला जातात, त्याऐवजी हे ऐकतील.” पप्पा नको म्हणतील असं मला वाटलं होतं. ते हो म्हणाले. कुरियन अंकल तर काय, तयारच होते.

रविवारी दुपारी, चहा झाल्यावर, हॉलमध्ये तीन खुर्च्या मांडल्या. एकीकडे पप्पा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दुसरीकडे कुरियन अंकल, हातात काही नाही. मध्ये मी. समोर सगळी मंडळी, पहिल्या बाकावर सरूआत्या. ती कुणाची आत्या ते मला माहीत नाही, आमच्याकडे सगळेच तिला आत्या म्हणायचे. जन्मभर हॉस्पिटलात आयाचं काम केलेली, कानाने जरा कमी. वाचायला ती पप्पांकडून पन्नाशीनंतर शिकली होती, आणि तेव्हापासून तिचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, तिच्या मांडीवरून उतरत नसे.

पप्पांनी सुरुवात चांगली केली. त्यांनी याईराच्या मेलेल्या मुलीला प्रभू उठवतो ती गोष्ट काढली. शुभवर्तमान लिहिणारा मार्क तिथे प्रभूचे शब्द जसेच्या तसे देतो, ‘तलीथा कूमी’, आणि लगेच त्याचा अर्थ सांगतो, मुली, ऊठ. “आता मला सांगा,” पप्पा म्हणाले, “पुस्तकच जर त्या भाषेत लिहिलं असतं, तर अर्थ सांगायची गरज काय होती? मी मराठीत गोष्ट सांगताना ‘ये’ म्हणजे ‘ये’ असं सांगेन का?” हॉल हसला. भालेरावांनी टाळी वाजवली. मी ते आनंदाने कुरियन अंकलना इंग्रजीत सांगितलं.

ते उठून उभे राहिले. म्हणाले, आमच्या सिरियाक शास्त्रात त्या जागी अर्थ दिलेलाच नाही. नुसतं ‘तलीथा कूमी’ आणि पुढे गोष्ट चालू. कारण अर्थ सांगायची गरजच नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि तो सबंध भाग चालीवर म्हटला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. रिफायनरीतला माणूस कुठे गेला कोण जाणे. शेवटच्या बाकावर कुजबुजणारी पोरंही गप्प झाली. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणाले, “आता मास्तरांना विनंती कर. हाच भाग त्यांनी आम्हाला ग्रीकमधून वाचून दाखवावा. एकच ओळ.”

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांना ते वाक्य कळलं होतं. तेवढं इंग्रजी त्यांना कानानेही कळायचं. पण ते मी मराठीत सांगायची वाट बघत बसून राहिले. मला ते वाक्य थोडं इकडेतिकडे करता आलं असतं. ‘त्यांना तुमचं मत ऐकायचंय’ असं काहीतरी म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. पण पप्पांच्या चेहऱ्यावर ‘सांभाळून घे’ असं काही नव्हतं. ते सरळ बसले होते, जसे वर्गात हजेरी घेताना बसत. मी सांगितलं. जसं होतं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

पप्पा उभे राहिले. “मला ग्रीक वाचता येत नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी पुढे सांगितलं. “अक्षरंसुद्धा ओळखता येत नाहीत. मी जे सांगायचो ते इंग्रजी पुस्तकात वाचून सांगायचो.”

मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे इतकी वर्षं…” आणि वाक्य तसंच सोडलं. तेवढ्यात सरूआत्या उठली. तिला अर्धंच ऐकू आलं होतं. “मास्तर,” ती म्हणाली, “हे गिरीक नि ते दुसरं, हे जाऊ द्या. मला येवढंच सांगा. प्रभू मराठी बोलले न्हाईत?”

काहीजण हसले. ती हसत नव्हती.

“नाही आत्या,” पप्पा म्हणाले.

“मग हे जे हाय,” तिने हातातलं शास्त्र वर धरलं, “हे कुनाचं बोलनं?”

“त्यांचंच. पण दुसऱ्यांनी मराठीत आणलेलं.”

“नि मी रोज त्यांच्याशी बोलते ते? ते त्यांना कळतंय का न्हाई?”

जन्मभर उपदेश करणारा माणूस, आणि एवढं सोपं उत्तर त्यांना त्या क्षणी देता आलं नाही. भालेराव धावत पुढे आले, समारोपाची प्रार्थना घाईघाईने उरकली, आणि खुर्च्यांचा खडखडाट सुरू झाला.

त्याच आठवड्यात कमिटीने पप्पांना विश्रांती घ्यायला सांगितलं. भालेराव घरी येऊन, आईच्या हातचा चहा पिऊन, तो शब्द वापरून गेले. “लोकांचा विश्वास डळमळतो हो मास्तर. थोडे दिवस विश्रांती.” पप्पा हो म्हणाले. त्यानंतरच्या शनिवारी दाराच्या चौकटीत कुणी उभं राहिलं नाही. आई मोकळेपणी ये-जा करू शकत होती, तरी सवयीने ती त्या जागी वाकायचीच. घरात भांड्यांचा आवाज वाढला. पप्पा शाळेतून येत, जेवत, आणि वह्या घेऊन बसत, पण वही एकच उघडी असायची. मी गॅलरीतून खोलीत, खोलीतून गॅलरीत. मला पप्पांचा राग येत होता, कुरियन अंकलचा येत होता, आणि सरूआत्याच्या प्रश्नाला उत्तर नाही याचा सगळ्यात जास्त येत होता.

“त्या माणसाने माझ्या घरात खाऊन माझ्या नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं,” आई म्हणायची. “पुन्हा माझ्या दारात दिसायला नको.”

तो दिसला. एका संध्याकाळी ड्युटीवरून थेट, तसाच तेलकट वासाचा. दारातच उभा राहिला. आईने जिन्यात वर-खाली बघितलं आणि म्हणाली, “आत या. जिन्यात तमाशा नको.”

कुरियन अंकल बसले नाहीत. “मास्टर, मुझे भी नहीं आता,” ते म्हणाले.

“काय नाही येत?”

“सिरियाक. पढ़ना नहीं आता.” मग इंग्रजीत, माझ्याकडे बघत. हॉलमध्ये त्यांनी जे म्हटलं ते त्यांना नुसतं पाठ होतं, लहानपणी चर्चमध्ये शिकवलेलं, मलयाळम अक्षरांत लिहिलेलं. शब्दाशब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. सिरियाकमध्ये तिथे अर्थ दिलेला नाही हे त्यांना गावच्या अच्चननी, म्हणजे त्यांच्या पाद्रींनी, सांगितलं होतं. “तुम्ही ‘येत नाही’ म्हणालात तेव्हा मी पण उठायला हवं होतं. मी बसून राहिलो. आईला पुरताना आम्ही तिच्यासाठी त्या भाषेत गायलो होतो, मास्तर. ती नंतरची नक्कल आहे असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही. एवढंच आहे.”

मी हे सांगितलं. पप्पा काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! दोघांनाही येत नाही आणि माझ्या ताटावर महिनेच्या महिने भांडले.” तिने दोन कप चहा आणून ठेवला तो मात्र दणकन.

अंधेरीला, माझी कॉलेजची बस जिथे बदलायची त्याच्या जवळ, कॅथलिकांची एक जुनी वास्तू होती. तिथे पाद्री शिकायला असतात एवढं मला माहीत होतं. एके दिवशी मी वर्ग बुडवून आत शिरले आणि दारावरच्या माणसाला विचारलं, “इथं ग्रीक कुणाला येतं?” त्याने मला वर-खाली पाहिलं आणि फादर लोपीसांकडे पाठवलं. वसईचे, ठेंगणे, झग्याखाली रबरी चपला. कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते.

“कशाला हवंय ग्रीक?” त्यांनी मराठीतच विचारलं.

मी सगळं सांगितलं. उंट, दोरखंड, तलीथा कूमी, सरूआत्या. सांगताना मी उभ्या जागी पाय बदलत होते. त्यांनी पाणी घालणं थांबवलं नाही.

“तुझे वडील आणि ते केरळचे, दोघांकडे थोडं थोडं खरं आहे,” ते म्हणाले. “प्रभू अरामीत बोलला, यावर फारसं भांडण नाही. पण आपल्या हातात नव्या कराराची जी सगळ्यात जुनी पानं आहेत ती ग्रीक आहेत, आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात की तो लिहिलाच गेला ग्रीकमध्ये. सिरियाकमध्ये त्या मुलीच्या जागी अर्थ दिलेला नाही, हे त्या गृहस्थांचं बरोबर. पण त्याच शुभवर्तमानात पुढे प्रभूचं क्रुसावरचं वाक्य येतं, तिथं सिरियाकमध्येसुद्धा अर्थ दिलेला आहे. ते त्यांना कुणी सांगितलं नसेल.”

“आणि उंट?”

ते हसले. “ग्रीकमध्येही उंट आणि दोरखंड यांत एकाच अक्षराचा फरक आहे. तेव्हा दोरखंड हवाच असेल तर तो दोन्हीकडे मिळतो. मला विचारशील तर उंटच. प्रभूला अशा अशक्य गोष्टी बोलायची सवय होती.” मग त्यांनी झारी खाली ठेवली. “हे मी तुला सांगितलं म्हणून तू मानणार का? मग तुझ्यात आणि त्या दोघांत फरक काय? गुरुवारी ये. अक्षरांपासून सुरू करू.”

पप्पांना मी भीत भीत सांगितलं. कॅथलिक फादरकडे जायचं म्हणजे आमच्या मंडळीत दुसरं वादळ. पप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मी पण येतो.” तिसरे कुरियन अंकल. असे आम्ही तिघं गुरुवारी संध्याकाळी अंधेरीला एका रिकाम्या वर्गात लाकडी बाकांवर बसू लागलो. अंकल दोन-तीनदा आले, मग शिफ्ट बदलली आणि सुटले. पप्पा मात्र यायचे. पोरांना अ-आ गिरवायला लावणारे दाविद मास्तर, अल्फा गिरवायचे. त्यांचा हात वळणदार, अक्षर माझ्याहून सुंदर, पण डोक्यात ठरत नसे. आज शिकलेलं पुढच्या गुरुवारी गळून जायचं. माझं उलट. आयुष्यात पहिल्यांदा मी तासभर बसल्या जागी हलत नव्हते. एका गुरुवारी फादरनी पप्पांना एक शब्द विचारला. पप्पा थांबले, आठवायला लागले, आणि मी पटकन उत्तर दिलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. साकीनाक्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, “पुढच्या वेळेपासून तू एकटी जा.” मी नको म्हटलं, काहीबाही बोलले. त्यांनी मान हलवली. “राग नाही गं. मला कळतंय. वर्गात बसलेल्या पोरांपैकी कोणाचं डोकं चालतं ते मास्तरला कळतं.”

मी एकटी जात राहिले आणि बाकी सगळ्याची वाट लागली. अकाउंटन्सीत एटीकेटी लागली. आईने निकाल बघितला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. बोलली ती थेट पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता. “बापाचं ग्रीक गेलं, आता मुलीचं आलं. बँकेत काय ग्रीकमध्ये विचारणार आहेत का? आणि ग्रीक शिकलेली मुलगी कोण करून घेणार?” फादर लोपीसांनी मला सांगितलं होतं की खरंच शिकायचं असेल तर आठवड्याच्या एका संध्याकाळी भागत नाही, पुण्याला पाद्र्यांच्या कॉलेजात जाऊन नीट शिकायला हवं, तिथं तुझ्यासारख्या बाहेरच्या मुलींनाही घेतात. ते वाक्य मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते पोटात घेऊन मी खोलीतून गॅलरीत फिरत होते.

नाताळच्या आधी पाळकसाहेब आजारी पडले. भालेराव पुन्हा आले. या वेळी आईने चहा विचारला नाही. “मास्तर, नाताळचा उपदेश तुम्हीच करायचा. लोकांना तुमचीच सवय आहे. फक्त ते ग्रीकबिक काढू नका. झालं गेलं मिटलं म्हणायचं.” पप्पा म्हणाले, “बघतो.” घरात करंज्या तळल्या जात होत्या, तेलाचा वास बिल्डिंगभर. कांबळेकाकांकडे, समोर अंकलकडे ताटं गेली. पप्पा काय बोलणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी या वेळी काहीच म्हणून बघितलं नाही.

नाताळच्या सकाळी हॉल भरून गेला. पप्पा पुढे गेले, शास्त्र उघडलं, आणि वाचायच्या आधी चष्मा काढला. भालेराव खुर्चीच्या टोकावर सरकलेले मला दिसले.

“मला ग्रीक येत नाही,” पप्पा म्हणाले. “हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी मुलगी शिकते आहे. आता मी जे वाचणार आहे ते प्रभूचं मूळ बोलणं नाही. ते आपल्यापर्यंत आणायला पुष्कळ माणसांनी कष्ट केलेत, त्यात चुकाही असतील. कोणत्या, ते मला सांगता येणार नाही. सरूआत्या, तुम्ही मला विचारलं होतं, आपलं बोलणं त्याला कळतं का. मी मास्तर आहे, मला उत्तर यायला हवं होतं. मला एवढंच सांगता येतं, की मी मराठीतच प्रार्थना करतो. दुसरी भाषा मला नाही.”

सरूआत्याने मान वर केली. “वाचा मास्तर,” ती म्हणाली.

पप्पांनी वाचलं. गोठा, मेंढपाळ, आकाशातला उजेड. मला ते सगळं पाठ होतं, पण त्या दिवशी प्रत्येक शब्दाखाली दुसरा एक शब्द हलतोय असं वाटत होतं. अर्धे मला ओळखू येत होते, अर्धे नव्हते, आणि जे येत नव्हते त्यांनी मला काही सुचू दिलं नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले. मागच्या बाकापाशी कुरियन अंकल नवा शर्ट घालून हात जोडून उभे होते.

उपासनेनंतर लोक पप्पांना भेटत राहिले. काही भेटले नाहीत, वळून निघून गेले, आणि त्यातली दोन घरं पुढे आमच्या मंडळीत पुन्हा आलीही नाहीत. भालेरावांनी हात मिळवला, पण डोळे मिळवले नाहीत. आई पुढे गेली, मटण चढवायचं होतं. मी आणि पप्पा मागून चालत निघालो. ऊन चढलं होतं. पप्पांनी कोट काढून हातावर घेतला.

“फादरांनी तुला पुण्याचं सांगितलंय,” ते म्हणाले.

मी थांबलेच. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. मी मागच्या गुरुवारी दुपारीच गेलो होतो. तू कॉलेजात होतीस तेव्हा.”

आम्ही थोडं चाललो. मग मी म्हणाले, “आई नाही म्हणेल.”

“म्हणेल. ते माझ्यावर सोड. बँकेची परीक्षा देऊ नकोस.”

“आणि शिकून काय करू, पप्पा? आईचं खोटं नाही.”

“ते मला काय ठाऊक? मी पहिली-दुसरीचा मास्तर.” ते चालता चालता थांबले आणि माझ्याकडे वळले. हजेरीचा चेहरा नव्हता तो. “मी इतकी वर्षं दुसऱ्याने सांगितलेलं सांगत आलो. तू स्वतः वाच. जे असेल ते नीट बघ. आणि मला येऊन सांग. कुरियन बरोबर निघाला, तरी सांग.”

“सांगेन,” मी म्हणाले.

जूनमध्ये मी पुण्याला गेले.